क्रियापद येईपर्यंत

दहा-अकरा वर्षांच्या मुलाला लॅटिन शिकवायचं तर पहिलं काय शिकवावं, हा शिक्षकांमधला फार जुना वाद आहे. कुणी नामं चालवण्यापासून सुरुवात करतं, कुणी गोष्टीपासून, कुणी नुसत्या बोलण्यापासून. मी नऊ ते तेरा वयाच्या मुलांना ऑनलाइन लॅटिन शिकवते, आणि या वादात माझं मत आता पक्कं झालं आहे. आधी थांबायला शिकवावं. बाकीचं त्याच्या मागून येतं.

थांबायचं म्हणजे काय, ते एका वाक्यावरून सांगते. पडद्यावर मी एकच शब्द आणते: ‘कनेम्’. कुत्रा. पण मूळ शब्द ‘कनिस्’ हा मुलांना ठाऊक असतो. इथे शेवट बदललाय, ही द्वितीया आहे. म्हणजे कुत्रा काही करणार नाहीये. कुत्र्याला कुणीतरी काहीतरी करणार आहे. कोण आणि काय, ते अजून पडद्यावर नाही. मग दुसरा शब्द येतो: ‘पुएर्’. मुलगा. तो प्रथमेत आहे, म्हणजे करणारा हाच. आता तर्कांना ऊत येतो. कुणी म्हणतं मारतो, कुणी म्हणतं उचलतो, कुणी म्हणतं खायला देतो. ‘खायला देतो’ म्हणणाऱ्याला वर्गातलंच दुसरं कुणीतरी अडवतं: मग कुत्रा चतुर्थीत आला असता, ‘कनी’ झाला असता. इथे मी काही बोलत नाही. तिसरा शब्द ‘नोन्’. म्हणजे जे काही आहे ते घडत नाहीये! आणि सगळ्यात शेवटी ‘विदेत्’. मुलाला कुत्रा दिसत नाही. लगेच कुणीतरी ओरडतं, “अरे, मग शेपटीवर पाय पडणार!”

चार शब्दांचं वाक्य आणि पाच मिनिटं गेलेली. पण त्या पाच मिनिटांत मुलांनी लॅटिन जसं ऐकलं जायचं तसं ऐकलं. आलेल्या प्रत्येक शब्दाकडून मिळेल तेवढं घ्यायचं, उरलेलं मोकळं ठेवायचं, क्रियापद येईपर्यंत निकाल द्यायचा नाही. कितीतरी पिढ्यांना याच्या उलट शिकवलं गेलं: आधी क्रियापद शोधा, मग कर्ता, मग कर्म, आणि आपल्या भाषेच्या क्रमाने मांडा. त्याने उत्तर मिळतं, परीक्षाही सुटते. पण वाक्य वाचून होत नाही, फक्त सोडवून होतं. १८८७ साली कॉर्नेल विद्यापीठातले प्राध्यापक विल्यम गार्डनर हेल यांनी या सवयीविरुद्ध कळकळीने लिहिलं होतं. फळ्यावर एकेक शब्द लिहीत जायचा, प्रत्येक शब्दापाशी थांबून इथवर काय कळलं आणि काय कळायचं राहिलं ते विचारायचं, ही त्यांची रीत. छापील पानावर ती पाळणं अवघड. डोळा आपोआप ओळीच्या टोकाला धावतो. सामायिक पडद्यावर मात्र पुढचा शब्द मी आणल्याशिवाय येतच नाही. ऑनलाइन वर्गाने मला दिलेली ही सगळ्यात मोठी देणगी आहे, आणि ती वापरायला कुठलंही खास सॉफ्टवेअर लागत नाही.

ज्या मुलांची सगळी शाळा इंग्रजीत चालते त्यांना हे सुरुवातीला जड जातं, कारण इंग्रजीत शब्दाची जागाच कर्ता ठरवते. घरी मराठी बोलणारी मुलं इथे पुढे निघतात. क्रियापद शेवटी येणार याची त्यांच्या कानांना सवय असते, आणि नामाच्या शेपटाला लागलेल्या प्रत्ययात अर्थ असतो हेही त्यांना सांगावं लागत नाही. पण मराठीचे म्हणून काही सापळे आहेत, आणि ते कुठल्याही लॅटिन पाठ्यपुस्तकात मला सापडले नाहीत. ‘मुलगा कुत्र्याला शोधतो’ यात कर्माला ‘ला’ लागतो, पण ‘मुलगा दगड उचलतो’ यात दगडाला काहीच लागत नाही. म्हणून मराठी मूल कुत्र्याची द्वितीया बिनचूक करतं आणि दगड मात्र प्रथमेतच ठेवून देतं. ‘लपिदेम्’ हवं तिथे ‘लपिस्’. लॅटिनला सजीव-निर्जीव असा भेद करायचा नसतो. दगडालाही द्वितीया घ्यावीच लागते. दुसरा सापळा भूतकाळात. मराठीत मुलगा पाहतो, पण मुला‘ने’ पाहिलं. त्यामुळे भूतकाळ आला की काही मुलं कर्त्याला हात लावायला बघतात. लॅटिनचा कर्ता काळ बदलला तरी जागचा हलत नाही, क्रियापदाच्या रूपाशी त्याचं नातं तसंच राहतं. हे दोन सापळे आधीच दाखवून दिले की मुलांना आपल्याच भाषेकडे नव्याने बघावंसं वाटतं. एका वर्गात यावरून बराच वेळ मराठी व्याकरणच चाललं होतं, आणि मी ते चालू दिलं.

विभक्तींचं म्हणाल तर लॅटिनच्या सहा मोजतात, संबोधन धरून. तृतीया, पंचमी आणि बरीचशी सप्तमी या तिघींचं काम लॅटिनमध्ये एकच विभक्ती करते. ‘तलवारीने’, ‘शहरापासून’, ‘बागेत’, सगळ्याला तीच. शुद्ध सप्तमीचे थोडे अवशेष उरलेत: ‘रोमाए’ म्हणजे रोममध्ये, ‘दोमी’ म्हणजे घरी. मुलांना असे अवशेष फार आवडतात. नियमापेक्षा नियमातून निसटलेलं त्यांच्या जास्त लक्षात राहतं.

एक अडचण ऑनलाइन वर्गातच प्रकर्षाने जाणवते, कारण मुलं वेगवेगळ्या देशांतून येतात. विभक्तींचा क्रम सगळीकडे एक नाही. ब्रिटिश परंपरेत प्रथमा, संबोधन, द्वितीया असा क्रम चालतो, तर अमेरिकी पुस्तकांत प्रथमेनंतर षष्ठी येते. घरात कुणी लॅटिन शिकलेलं असेल तर मूल तो क्रम पाठ करून येतं आणि माझा तक्ता त्याला चुकीचा वाटतो. मी दोन्ही तक्ते दाखवते आणि एक निवडते. उच्चारांचंही तसंच. चर्चच्या परंपरेत ‘क’ काही स्वरांपुढे ‘च’ होतो, अभिजात उच्चारात तो सगळीकडे ‘क’च राहतो, सीझरचं ‘आलो, पाहिलं, जिंकलं’ हे वाक्य ‘वेनी, वीदी, वीकी’ असं म्हटलं की कुणाचे तरी आजोबा दुरून हरकत घेतात. डच विद्वान इरॅस्मसने प्राचीन उच्चारांवर आपला संवाद १५२८ साली छापला, तेव्हापासून हा विषय विद्वानांनी कधी खाली ठेवलेला नाही. माझ्या वर्गात अभिजात उच्चार असतात. दुसरे ऐकले तर ते ओळखता यावेत, एवढंच मी मुलांकडून मागते.

आवाजाच्या बाबतीत पडदा मात्र खरोखर आडवा येतो. लॅटिन शिकवण्याची शेकडो वर्षांची रीत म्हणजे सगळ्यांनी एका सुरात म्हणणं: अमो, अमास्, अमत्. ऑनलाइन हे शक्यच नाही. प्रत्येकाचा आवाज थोडा वेगळ्या वेळी पोहोचतो, आणि दहा मुलांचं ‘अमामुस्’ एकमेकांवर आदळून त्याचा नुसता कल्लोळ होतो. म्हणून एकच मूल आवाज सुरू ठेवून म्हणतं आणि बाकीचे आपापल्या खोलीत, आवाज बंद ठेवून, त्याच्यासोबत म्हणतात. मी त्यांच्या ओठांकडे बघते. एकत्र म्हणण्यातली ऊब यात थोडी हरवते, हे मान्य. पण ज्या मुलाला स्वतःचा आवाज चारचौघांत ऐकवायचा संकोच वाटतो, आणि बारा-तेराव्या वर्षी तो फार वाटतो, ते मूल बंद आवाजात मोकळं म्हणतं. असे संकोची ओठ हळूहळू मोठे हलायला लागलेले मी पाहिले आहेत.

आता थांबण्याची दुसरी बाजू, जी शिक्षकाने शिकायची असते. प्रश्न विचारल्यानंतर प्रत्यक्ष वर्गात शांतता पडते तेव्हा त्या शांततेत बरंच काही दिसतं: कुणी वही चाळतं, कुणी बोटं मोजतं, कुणी शेजाऱ्याकडे बघतं. पडद्यावरची शांतता मुकी असते. चेहरे चौकटीत स्थिर, आणि नेट गेलंय की मूल विचार करतंय तेही कळत नाही. अशा वेळी शिक्षकाची जीभ आपणहून उत्तराकडे वळते. ती आवरायची. द्वितीया ओळखायला दहा वर्षांच्या मुलाला वेळ लागतो, आणि तो वेळ त्याच्या हक्काचा आहे. मी मुलांना उत्तर चॅटमध्ये लिहायला सांगते, पण मी सांगेपर्यंत कुणी पाठवायचं नाही. मग एकदम सगळी उत्तरं येतात. पटकन उत्तर देणाऱ्या दोघांमुळे बाकीच्यांचा विचार तुटत नाही, आणि चूक असली तर ती चार जणांच्या चुकांमध्ये असते, एकटी पडत नाही.

कॅमेऱ्याबाहेर बसलेल्या पालकांचीही मला काळजी असते. मुलाची नजर एका बाजूला जाते, कुजबूज ऐकू येते, आणि उत्तर बरोबर येतं. त्यामागचं प्रेम मला कळतं. आपलं मूल अडखळताना बघणं कुठल्याही आईवडिलांना सोपं जात नाही. पण त्या अडखळण्यातच ते शब्दाच्या शेवटाकडे बघायला शिकत असतं. पालकांशी मी स्वतंत्रपणे बोलते. बहुतेक जण समजून घेतात, आणि काही जण तर पुढे स्वतःच शेजारी वही घेऊन शिकायला बसतात. ते मला फार आवडतं.

वही कागदाचीच हवी, याबद्दल मी आग्रही आहे. कीबोर्डवर लिहिलं की यंत्र लॅटिन शब्द ‘सुधारून’ टाकतं. शिवाय प्रत्यय हाताने लिहिला की तो वेगळ्या रंगात लिहिता येतो, त्याखाली रेघ मारता येते. लिहून झालं की मुलं वही कॅमेऱ्यासमोर धरतात. नवीन मुलं हमखास घाबरतात की अक्षरं उलटी दिसतायत. ती उलटी फक्त त्यांना स्वतःला दिसत असतात, मला सरळच दिसतात, एवढं सांगितलं की चेहरे खुलतात. रोमन मुलं मेणाच्या पाटीवर टोकदार लेखणीने लिहायची आणि लेखणीच्या चपट्या टोकाने मेण सारखं करून चूक पुसायची. हे ऐकल्यावर खोडरबरला वर्गात वेगळीच प्रतिष्ठा मिळते.

चुकांवरून आठवलं. ‘अपेंदिक्स प्रोबी’ नावाची एक जुनी यादी आहे, कुणा अज्ञात शिक्षकाने केलेली. २२७ नोंदी, बहुतेक एकाच साच्याच्या: हे म्हणा, ते नको. ‘स्पेकुलुम्, स्पेक्लुम् नको.’ ‘औरिस्, ओरिक्ला नको.’ शिकवणाऱ्याची सगळी तळमळ त्या ‘नको’मध्ये आहे. आणि झालं काय? लोक ‘ओरिक्ला’च म्हणत राहिले, आणि त्यातूनच इटालियन, फ्रेंच, स्पॅनिशमधले कानासाठीचे शब्द आले. हे मी मुलांना मुद्दाम सांगते. तुम्ही करता तशा चुका लॅटिन ज्यांची स्वतःची भाषा होती तेही करत होते. त्याच वेळी मी त्यांची ‘औरिस्’ची रूपं दुरुस्तही करते, कारण आपल्याला त्या शिक्षकाच्या बाजूचं लॅटिन वाचायचं आहे.

घरचा अभ्यास भाषांतराच्या यंत्रात टाकून आणणारी मुलं असतातच. त्यावर मी पहारा ठेवत नाही. असा अभ्यास देते की यंत्राने काही साधू नये: मी वाक्य वाचून दाखवलेलं ध्वनिमुद्रण ऐकून लिही, आपल्या घरातल्या तीन वस्तू द्वितीयेत लिही आणि चित्र काढ, अर्धं वाक्य देते त्याचं क्रियापद तू ठरव. शेवटच्या प्रकारातून जी वाक्यं येतात त्यांवर पुढचा अख्खा वर्ग चालतो.

किती शब्द शिकवावेत याबाबत मी क्विंतिलियानुस या रोमन शिक्षकाचं ऐकते. पहिल्या शतकाच्या अखेरीस त्याने वक्तृत्वशिक्षणावर मोठा ग्रंथ लिहिला, आणि त्यात अगदी लहान मुलांचाही विचार केला. अरुंद तोंडाच्या भांड्यात एकदम ओतलं तर पाणी बाहेर सांडतं, थेंबाथेंबाने घातलं तर भरतं, असं तो म्हणतो. अक्षरांशी खेळता यावं म्हणून हस्तिदंती अक्षरं द्यावीत असं सुचवतो, आणि मुलांना मारण्याला त्याचा स्वच्छ विरोध आहे. त्यानंतर तीनशे वर्षांनी संत ऑगस्टीनने स्वतःच्या बालपणाबद्दल लिहिलं. ग्रीक त्याला धाक दाखवून, शिक्षा करून शिकवलं गेलं आणि नकोसं झालं. लॅटिन मात्र दायांच्या लाडात, हसण्या-खेळण्यात आपसूक आलं. ज्या भाषेचं नाव काढलं की लोकांना छडी आणि पाठांतर आठवतं, त्याच भाषेतली ही दोन माणसं छडीविरुद्ध साक्ष देतात. पालकांनी शिस्तीसाठी लॅटिन हवं असं म्हटलं की मी त्यांना हे सांगते. लॅटिनमध्ये शिस्त आहे, पण ती कुतूहलाच्या पोटी यावी लागते.

पालकांचा दुसरा प्रश्न उपयोगाचा. वनस्पती-प्राण्यांची शास्त्रीय नावं, मूलद्रव्यांच्या चिन्हांमागचं ‘औरुम्’ (सोनं) नि ‘फेर्रुम्’ (लोखंड), युरोपीय भाषांकडे जाणारी वाट, हे सगळं खरं आहे आणि मी ते एका दमात सांगून टाकते. मूल मात्र या कारणासाठी आठवडाभर टिकत नाही. ते टिकतं ते माणसं भेटतात म्हणून.

माणसांपाशी आलं की एक अवघड गोष्ट समोर येते. पहिल्याच शब्दसंग्रहात ‘सेर्वुस्’ असतो, गुलाम. नामांच्या दुसऱ्या गटाचा नमुना म्हणून तो शेकडो पुस्तकांत चालवला गेला आहे. प्राचीन काळी ग्रीक आणि लॅटिन शिकणाऱ्यांसाठी लिहिलेल्या छोट्या संवादपाठांत एक मुलगा आपला दिवस सांगतो: उठलो, जोडे मागितले, तोंड धुतलं, शाळेत गेलो, गुरुजींना नमस्कार केला. माझ्या मुलांना तो आपल्यातलाच वाटतो. मग त्यांच्या लक्षात येतं की तो जोडे मागतोय ते गुलामाकडे. “त्याला पगार होता का?” हा प्रश्न येतोच. “त्याला घरी जाता यायचं का?” मी तिथे तक्ता बाजूला ठेवते. माणूस विकत घेतला जायचा, त्याला मारलं जायचं, त्याची मुलंही गुलामच जन्मायची, हे दहा वर्षांच्या मुलाला समजेल अशा शब्दांत सांगते. हसऱ्या, आज्ञाधारक गुलामांची चित्रं असलेले पाठ मी वापरत नाही. आणि ‘दोमिनुस् सेर्वुम् वोकत्’ या वाक्यात, मालक गुलामाला बोलावतो या वाक्यात, कोण प्रथमेत आहे आणि कोण द्वितीयेत, हे मुलांना त्यानंतर वेगळ्या तऱ्हेने लक्षात राहतं. एका मुलीने विचारलं होतं की सेर्वुस् कर्ता असलेली वाक्यं आपण का लिहीत नाही. आम्ही लिहिली. तो पळाला, तो गायला, त्याने मालकाच्या मुलाला वाचायला शिकवलं. तिन्ही गोष्टी रोममध्ये खऱ्या घडणाऱ्या होत्या.

अभ्यासक्रमाचा एक टप्पा पार पडला की मी त्यांना विंदोलांदाचं एक पत्र दाखवते. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या या रोमन छावणीत पातळ लाकडी पाट्यांवर शाईने लिहिलेला मजकूर सापडला आहे. त्यातलं इसवी सन १००च्या सुमाराचं एक पत्र क्लाउदिया सेवेराने सुल्पिकिया लेपिदिनाला लिहिलेलं आहे. ११ सप्टेंबरला माझा वाढदिवस, तू नक्की ये. मुख्य मजकूर कुणा लेखनिकाच्या सुबक हातचा आहे, आणि खाली शेवटच्या ओळी वेगळ्या, अडखळत्या अक्षरात: ‘स्पेराबो ते, सोरोर्. वले, सोरोर्, अनिमा मेआ.’ मी तुझी वाट पाहीन, बहिणी. खुशाल राहा, बहिणी, माझ्या जिवा. या ओळी तिने स्वतः लिहिल्या असणार. बाईच्या हातच्या, आजवर टिकलेल्या सर्वांत जुन्या लॅटिन अक्षरांत त्यांची गणना होते. इथे भाषांतर मी करत नाही. ‘ते’ द्वितीया, ‘सोरोर्’ संबोधन, ‘-बो’ म्हणजे भविष्यकाळ. मुलं एकेक करून सांगतात आणि पत्र उघडतं. त्याच ओळींत थोडं पुढे तिने ‘कारिस्सिमा’ (अतिप्रिय) ‘सी’ऐवजी ‘के’ अक्षराने लिहिलंय, तेही त्यांनीच आधी पकडलेलं असतं.

त्यानंतर पॉम्पेईची भिंत. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या त्या शहरात लोकांनी भिंतींवर इतकं लिहून ठेवलंय की त्यावरच कुणीतरी दोन ओळी रचल्या, आणि त्या एकाहून अधिक ठिकाणी सापडल्या: भिंती, इतक्या लिहिणाऱ्यांचा कंटाळवाणा मजकूर पेलूनही तू कोसळली नाहीस, याचं मला नवल वाटतं. व्याकरण नवशिक्यांच्या आवाक्याबाहेरचं आहे, म्हणून यातला बराच अर्थ मीच पुरवते. पण ‘ओ पारिएस्’, हे भिंती, एवढं त्यांना लगेच कळतं, आणि कुणीतरी चक्क भिंतीशी बोलतंय याचं त्यांना भारी वाटतं. मग मी ऑनलाइन फळा सगळ्यांसाठी खुला करते. ही आपली भिंत, हवं ते लिहा, फक्त लॅटिनमध्ये. कुत्री, भावंडं, परीक्षा, आवडते खेळाडू, सगळं फळ्यावर येतं. प्रत्येक ओळ आम्ही मोठ्याने वाचतो. जिथे प्रत्यय चुकलाय तिथे लिहिणाराच तो बदलतो, आणि मग पुढची ओळ.